चांदवडच्या जुन्या पेठेतून चालताना



आज पापड-लोणच्याचा किंवा तिथीच्या भाजीचा लेख नाही, आज थोडा इतिहास. चांदवड म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे आश्रम, कारण कुणाचा तरी भाऊ, दीर किंवा मुलगा तिथे शिकलेला असतोच. दुसरी म्हणजे आग्रा रोडवरून जाताना दिसणारं रेणुकामातेचं मंदिर. गाडी थांबवून चहा घेतला, हात जोडले आणि पुढे निघालो. आत, जुन्या गावात, सहसा कुणी शिरत नाही.

मी रोज सकाळी सामायिक झालं की तासभर चालते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून सुरुवात झाली. पण इतक्या वर्षांत त्याच त्या गल्ल्यांमधून जाताना हे गाव हळूहळू वाचता यायला लागलं. मी बी.कॉम. झालेली, इतिहास हा काही माझा विषय नाही. तरी जमा-खर्चाची सवय असलेल्या माणसाला गाव बघताना काही गोष्टी लवकर दिसतात. हा पैसा आला कुठून, गेला कुठे, आणि मागे काय राहिलं, एवढेच प्रश्न मी विचारत गेले.

खिंडीवरचं गाव

पहिला प्रश्न असा की गाव इथेच का वसलं? उत्तरेला बघितलं की सातमाळा डोंगराची रांग भिंतीसारखी उभी दिसते. तिच्या पलीकडे मालेगाव, गिरणेचं खोरं आणि खानदेश. अलीकडे नाशिक आणि गोदावरीचं खोरं. या भिंतीतून जायला जी वाट आहे, तिच्या तोंडाशी चांदवड बसलं आहे. आज आपण राहूड घाटातून गाडीने पाच मिनिटांत पार होतो. पूर्वी बैलांचे तांडे, उंट, लष्कर, व्यापारी आणि साधू-संत सगळे इथूनच जायचे. जिथे वाट अरुंद होते तिथे चौकी बसते, चौकीला जकात मिळते, जकातीच्या जागी बाजार भरतो आणि बाजाराजवळ देऊळ उभं राहतं.

गावाचं जुनं नाव चंद्रादित्यपूर. नवव्या शतकात दृढप्रहार नावाच्या यादव पुरुषाने आपली सत्ता इथून सुरू केली असं जुन्या ताम्रपटावरून अभ्यासक सांगतात. पुढे देवगिरीला जे वैभवशाली यादव झाले, त्यांचं हे मूळ. त्याचा मुलगा सेउणचंद्र. त्याच्या नावावरून या सगळ्या प्रदेशाला सेउणदेश म्हणत.

या दृढप्रहाराची गोष्ट आपल्या जैन परंपरेतही आहे, हे मला फार उशिरा कळलं. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' हा तीर्थांचा ग्रंथ लिहिला. त्यात नाशिकवर एक प्रकरण आहे, आणि नाशिकच्या चंद्रप्रभ भगवंतांच्या निमित्ताने दृढप्रहाराची कथा येते. त्याची आई गरोदर असताना संकटात सापडली आणि जैन आचार्यांमुळे तिला आधार मिळाला, असं परंपरा सांगते. मोठा झाल्यावर त्याने चोरांपासून लोकांची गुरंढोरं वाचवली, म्हणून लोकांनी त्याला नगररक्षक केलं. कथेचा कोणता भाग इतिहास आणि कोणता श्रद्धा, ते विद्वान ठरवतील. मला त्यातली एक गोष्ट पटते. खिंडीतल्या गावाला सगळ्यात आधी लागतो तो राखणदार, आणि राखण करणाराच पुढे राजा होतो.

डोंगरातले चंद्रप्रभ

गावाच्या डोंगरात आपलं जैन लेणं आहे, साधारण अकराव्या शतकातलं. त्यात तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत आणि मुख्य मूर्ती आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ स्वामींची. चंद्र हे त्यांचं लांछन. मूर्ती बाहेरून आणून बसवलेल्या नाहीत, डोंगराच्याच दगडात कोरलेल्या आहेत. म्हणून राजे बदलले, वस्ती बदलली, तरी त्या जागेवरच राहिल्या.

याच डोंगरावर वर चंद्रेश्वर महादेव आहेत आणि पायथ्याला रेणुकामाता. रेणुकामातेचा गाभाराही खडकातच आहे. गावाच्या जुन्या नावात चंद्र, लेण्यात चंद्रप्रभ, माथ्यावर चंद्रेश्वर. एका डोंगराने तिघांनाही जागा दिली आहे. सकाळी पायऱ्या चढणाऱ्या बायकांमध्ये कोण कुठल्या देवाला निघाली आहे, हे हातातल्या ताटावरूनच ओळखायचं.

आम्ही स्थानकवासी, आमच्याकडे मूर्तिपूजा नाही. म्हणून माझ्याच घरात कुणी म्हणतं, तुम्ही लेण्यात कशाला जाता? मी म्हणते, पूजा करायला जात नाही, वंदन करायला जाते. ज्यांनी हजार वर्षांपूर्वी इथे बसून काउसग्ग केला असेल, त्यांची जागा बघायला जाते. तिथे बसून चोवीस तीर्थंकरांचं लोगस्स म्हटलं तर आठव्या नावापाशी आवाज आपोआप हळू होतो. एवढं पुरे आहे.

लेणी आणि मंदिरं चालायची कशावर, हा माझा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर अंजनेरीला मिळतं. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीत चंद्रप्रभ मंदिराला दिलेल्या दानाचा बाराव्या शतकातला, इसवी सन ११४२ च्या सुमाराचा शिलालेख आहे. यादव राजा सेउणदेवाने मंदिराला दान दिलं ते दुकानांचं. व्यापाऱ्यांनीही दुकान आणि घर अर्पण केलं. म्हणजे मंदिराच्या दिव्याचं तेल बाजारपेठेच्या भाड्यातून यायचं. आज आपल्या स्थानकाखाली चार गाळे काढून त्याच्या भाड्यावर देखभाल चालवतात, तेव्हा लोक म्हणतात, धर्मस्थानात दुकानं कशाला? ही पद्धत जवळजवळ नऊशे वर्षांची आहे, बरं!

रंगमहाल आणि एक जुना न्याय

गावात शिरलं की होळकरांचा वाडा लागतो. सगळे त्याला रंगमहाल म्हणतात. मुघलांच्या काळात चांदवडला जाफराबाद हे नाव मिळालं होतं. अठराव्या शतकात गाव होळकरांकडे आलं आणि त्या काळात हा वाडा उभा राहिला. बाहेरून गढीसारखा, बुरूज आणि उंच दरवाजा. आत गेलं की सागवानी खांब, त्यांच्यावरचं कोरीव काम, भिंतींवरची चित्रं आणि आतच पायऱ्यांची विहीर. पुरातत्त्व खात्याने त्याची दुरुस्ती केली आहे. नवरात्रात देवीचे अलंकार पालखीतून वाड्यातून मंदिरात नेण्याची रीत अजून सुरू आहे. रेणुकामातेच्या मंदिराचा जीर्णोद्धारही अहिल्यादेवींचाच.

अहिल्यादेवींनी देवळं आणि घाट बांधले, हे शाळेत सगळ्यांनी वाचलं आहे. मला त्यांचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत वाटतं. त्या काळी मूलबाळ नसलेला सावकार वारला की त्याची दौलत सरकारजमा करण्याची रीत अनेक ठिकाणी होती. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या ग्रंथात सावकार घराण्यांतल्या दोन विधवांची हकिकत दिली आहे. त्या आपली संपत्ती अहिल्यादेवींना द्यायला निघाल्या होत्या. बाईंनी ती घेतली नाही, उलट लोकांच्या उपयोगाच्या कामाला लावा असं सांगितलं. म्हणजे पैसा तुमचा आहे, निर्णय तुमचा आहे, हे एका विधवा राणीने दोन विधवा सावकारणींना सांगितलं. स्वतः त्या १७९५ साली गेल्या. कायद्याने आपल्याकडच्या विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा मालकी हक्क मिळाला तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. मध्ये १६१ वर्षं गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मी परत त्याकडे येणार आहे.

चांदवडी रुपया

आता माझ्या आवडीचा विषय. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. इथे पाडलेल्या रुपयाला चांदवडी किंवा चांदोरी रुपया म्हणत आणि तो दूरवर चालायचा. नाण्यावरचा मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचं, गावाचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर', आणि पाडणारे मराठे सरदार. कारण उघड आहे. बाजार ओळखीच्या नाण्यावर विश्वास ठेवतो. नवं नाव घातलं की व्यापारी आधी शंका घेणार, म्हणून जुनंच नाव चालू ठेवायचं.

तेव्हा प्रत्येक मोठ्या सरदाराची टांकसाळ, प्रत्येक रुपयाचं वजन आणि कस थोडा वेगळा. पुण्याचा रुपया इथे आणला, किंवा इथला पुण्याला नेला, की त्याला बट्टा लागायचा. बट्टा म्हणजे वटवणुकीची घट. तो किती घ्यायचा, हे सराफ ठरवायचा. नाणं वाजवून, कसोटीवर घासून, तोलून. परगावी रोकड न्यायची नसेल तर हुंडी. बी.कॉम.ला आम्हाला बिल्स ऑफ एक्सचेंज शिकवताना सर इंग्रजी व्याख्या पाठ करून घ्यायचे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर पैसे, हे माझे आजोबा जेवताना सहज सांगायचे. विषय एकच होता.

अशा गावात मारवाडातून आणि गुजरातेतून आलेले आपले लोक का टिकले, हे आता सांगायला नको. जिथे टांकसाळ, तिथे चांदी. जिथे चांदी, तिथे पारख करणारा.

मग १८०४ साली इंग्रजांच्या फौजेने किल्ला घेतला, तो होळकरांना परत मिळाला, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात सगळीकडे एकच रुपया केला. एकच रुपया म्हणजे बट्टा संपला. सामान्य माणसाची सोय झाली, पण सराफाचं एक मोठं उत्पन्न गेलं. १८६० च्या दशकात रेल्वे आली तीही लासलगाव-मनमाडवरून. आपली खिंड बाजूला राहिली आणि मनमाड जंक्शन झालं. खिंडीवर जगणाऱ्या गावाला हा दुसरा धक्का.

यानंतर पुष्कळ घरांनी शेतमालाचा व्यापार आणि सावकारी धरली. आपल्या समाजाच्या कार्यक्रमात हा भाग कुणी बोलत नाही, पण इतिहास लिहायचा तर तोही लिहायला हवा. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांच्या घरांवर चाल केली, त्याची सुरुवात सुप्याला झाली. त्यांना हवे होते ते दागिने नव्हेत, कर्जाचे कागद. ते त्यांनी जाळले. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. अपरिग्रह हे आपलं व्रत, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आपल्याच वह्यांची इतकी भीती वाटत होती. या दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत.

वाडा कसा वाचायचा

जुन्या पेठेत आता मोजके वाडे उरले आहेत. चालताना मी ते बघते. रस्त्याकडे उंच ओटा, त्याच्यामागे दुकान किंवा पेढी, गादी-तक्क्याची जागा. मोठा दरवाजा आणि त्यातच छोटा दिंडी दरवाजा, आतून अडसर. खालच्या खिडक्यांना जाड लोखंडी गज, वरच्या माडीला मात्र नाजूक लाकडी कठडे. खाली तिजोरी होती आणि वर बायका-मुलं, हे खिडक्यांवरूनच कळतं. मधे चौक, चारही बाजूंनी सोपे, भिंतीत कोनाडे आणि देवळ्या, धान्यासाठी बळद.

पण या घरांमधला जैनपणा बाहेरून दिसत नाही, तो स्वयंपाकघरात आहे. आमच्या चुलत सासूबाईंच्या वाड्यात तो अजून जसाच्या तसा आहे. आम्ही त्यांना काकीसा म्हणतो. चुलीच्या जागेवर छताला चार कड्या आहेत. त्या चंदरव्याच्या. वरून किडा-मुंगी किंवा कचरा भांड्यात पडू नये, जीवहिंसा होऊ नये, म्हणून चुलीवर आणि पाण्याच्या जागेवर कापड ताणून बांधायचे, तो चंदरवा. परेंडा, म्हणजे पाण्याच्या हंड्यांचा ओटा, चुलीपासून मुद्दाम लांब. त्यावर गाळण्याची दुहेरी घडी वाळत घालायला खुंटी. पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेली जिवाणी हळूच परत विहिरीत सोडायची, म्हणून विहिरीचं पाणी नळ आल्यावरसुद्धा वापरात होतं. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. काकीसा म्हणतात, "बिंदणी, घड्याळ नव्हतं, ऊन त्या चौकटीवरून उतरलं की ताटं वाढायची." चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्त दिसला पाहिजे, एवढा विचार बांधणाऱ्याने केला होता. या घराचा नकाशा कुठे कागदावर नाही.

आता तो मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. या वाड्याला बिल्डरकडून मागणी आली आहे. खाली गाळे, वर फ्लॅट. काकीसांचे मुलगे बाहेरगावी, ते काही वाईट नाहीत. पावसाळ्यात माडी गळते, ऐंशी पार केलेली आई एकटी राहते, रात्री फोन वाजला की त्यांच्या छातीत धस्स होतं. त्यांचं म्हणणं खोटं कसं म्हणावं? पण कागदावर काकीसांचीही सही लागते, कारण १९५६ च्या कायद्याप्रमाणे त्यांचाही हिस्सा आहे. पंचवीस वर्षं कुणी त्यांना घराच्या व्यवहाराबद्दल काही विचारलं नव्हतं. आता सगळे विचारतात.

काकीसांनी अजून सही केलेली नाही आणि नकारही दिलेला नाही. त्यांनी मुलांना सांगितलं, "घर पडायचं तर पडू दे, पुद्गल आहे, कधीतरी जाणारच. पण आत काय आहे ते आधी बघून घ्या. तुम्ही कधी बघितलंच नाही." मला हे बोलणं फार योग्य वाटलं. आपल्याकडे अनित्य भावना शिकवतात. अनित्य आहे म्हणून बेफिकीर राहा, असं मात्र कुठे सांगितलेलं नाही. पडिलेहणात आपण वस्त्र रोज नीट उलगडून बघतो, ते वस्त्र काही कायमचं असतं म्हणून नव्हे.

म्हणून गेले दोन महिने आठवड्यातून दोन दुपारी मी तिथे जाते. प्रत्येक खोलीचं माप घेतलं. दारं-खिडक्यांचे फोटो काढले. जुन्या वह्या उन्हात दाखवून, कापडात बांधून, वर्षांप्रमाणे लावल्या. पहिल्या पानावर श्री, मग भगवंतांचं आणि गौतम स्वामींचं स्मरण, मग हिशोब. काही पानं मोडीत आहेत, काही महाजनी लिपीत. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांनी थोडं लावून दिलं. त्यात कर्जं आहेत, व्याज आहे, आणि साधू-साध्वींच्या चातुर्मासाचा खर्च, पांजरपोळीचा चारा, दुष्काळात वाटलेलं धान्यही आहे. एकाच वहीत सगळं, समोरासमोर.

पैसा पुढे कुठे गेला

जमा-खर्चाचा शेवटचा प्रश्न, मागे काय राहिलं. त्याचं उत्तर माझ्या चालण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९२८ साली काकाजी, म्हणजे केशवलालजी हरकचंदजी आबड यांनी इथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. समाजातल्या गरीब मुलांना राहायला जागा, शिक्षण आणि धर्मसंस्कार मिळावेत म्हणून. आज त्याच संस्थेत शाळेपासून कला-वाणिज्य-विज्ञान, औषधनिर्माण आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत सगळं आहे, आणि सकाळी बसमधून उतरणाऱ्या मुला-मुलींमध्ये सगळ्या जातीधर्मांची, बहुतेक शेतकऱ्यांची लेकरं असतात. ज्या शेतकऱ्यांची नावं आपल्या वह्यांमध्ये होती, त्यांच्या नाती आपल्या समाजाने उभ्या केलेल्या वर्गात बसून अकाउंट्स शिकतात. मला वाटतं, त्या वह्यांचा हिशोब थोडाफार इथे जुळला आहे.

तालुक्यातच मालसाने येथे महामार्गावर आचार्य देवनंदीजी महाराजांच्या प्रेरणेने णमोकार तीर्थ उभं राहिलं आहे. तिथे जाल तेव्हा जुन्या गावातही एक फेरी मारा. लेणं बघा, रंगमहाल बघा, पेठेतून पायी चाला.

आणि तुमच्या सासर-माहेरी असा जुना वाडा असेल, तर तो विकायचा की ठेवायचा हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, त्यात मी काही सांगणार नाही. पण सही करण्याआधी चार गोष्टी करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईबरोबर एकदा प्रत्येक खोलीत फिरा आणि इथे काय होत असे ते विचारून लिहून घ्या. फोटो काढा, मापं घ्या. वह्या रद्दीत घालू नका, आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आणि कोरीव दारं-खांब भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याऐवजी नव्या घरात किंवा स्थानकात लावता येतील का ते बघा. घरातल्या विधवा सासूची, जावेची सही लागणार असेल तर तिला कागद वाचून दाखवा, चष्मा लावून, सावकाश. हक्क तिचा आहे.

काकीसांच्या वाड्याचं दिवाळीनंतर ठरेल. तोवर माझ्या पाच खोल्या मोजायच्या राहिल्या आहेत.

जय जिनेंद्र.